बोर्ड नसलेला जिना

शब्दांमध्ये समाज बदलण्याची ताकद असते. हे वाक्य मी शहादा तालुक्यातल्या एकवीस भिंतींवर स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. त्यांतल्या सोळा भिंतींवर लिहिताना मी प्यायलेलो होतो आणि उरलेल्या पाचांच्या वेळी काम आटोपून प्यायला निघालो होतो.

मी पेंटर. भिंतींना रंग देणारा नव्हे, अक्षरं काढणारा. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, ज्यांच्यावर पुढे काहीच बांधलं गेलं नाही अशा भूमिपूजनांचे फलक आणि लग्नघरांच्या भिंती. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवून तिच्यावर वधूवरांची नावं लिहितात. फ्लेक्स आल्यावर यातलं बरंच गेलं. राहिल्या त्या सरकारी घोषणा, कारण भिंत वाऱ्याने फाटत नाही. स्वच्छता, साक्षरता, लसीकरण, व्यसनमुक्ती असे सगळे विषय मी हाताळले. एकाही विषयावर माझा विश्वास असायला हवा अशी अट कंत्राटात नव्हती.

बाहेरच्यांना वाटतं की पेंटरची परीक्षा अक्षरात असते. ती असते वरच्या रेघेत. निळीत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणून टिचकी मारली की भिंतीवर सरळ खूण उमटते. पण त्या खुणेवरून ब्रश न्यायचा तो एका दमात. मध्येच उचलला की सांधा दिसतो आणि जन्मभर दिसत राहतो. श्वास रोखायचा, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवायचं आणि निघायचं. अक्षरं मागाहून त्या रेघेला टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी.

चाळिशीनंतर माझा हात सकाळी थरथरू लागला. त्यावर इलाज सोपा होता. सकाळी एक क्वार्टर घेतली की हात जागेवर. पुढे इलाजाचं माप वाढत गेलं आणि हात जागेवर राहण्याचा वेळ कमी होत गेला. मी धंद्यासाठी पितो, असं घरी सांगत असे.

"मंग धंदालेच पाजा ना," माझी बायको सुमन म्हणे. "तुम्ही काबर पेतस?"

मी वाचणारा माणूस. नगर वाचनालयाची निम्मी कपाटं माझ्या हाताखालून गेली आहेत. बायकोच्या साध्या प्रश्नाला मात्र कुठल्याच कपाटात उत्तर सापडलं नाही.

मुलीच्या लग्नात घराची भिंत मीच रंगवली. दुसऱ्या कुणाला हात लावू देणं शक्यच नव्हतं. त्या सकाळी इलाज थोडा जास्त झाला. तिच्या नावावरची रेघ डावीकडून नीट निघाली आणि उजवीकडे जाता जाता चार बोटं खाली उतरली. मुलगी आता नवापूरला असते. तिच्या अल्बममध्ये निम्म्या फोटोंत मागे ती भिंत आहे. तिने त्याबद्दल मला आजवर एका शब्दानेही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

म्हसावदला शाळेच्या कंपाउंडवर मी 'दारू सोडा, संसार जोडा' लिहीत होतो तेव्हाची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. मागे मोटारसायकल थांबली. वळून पाहिलं तर लोणखेड्याचे बियाण्यांचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. सेठ घरी मारवाडी बोलतात, दुकानात अहिराणी, आणि साहेब लोकांशी हिंदी. ते बराच वेळ माझ्या रेघेकडे बघत राहिले.

"पेंटर, रेघ हाली ऱ्हायनी."

"ऊन शे, सेठ."

"ऊन ते मन्हा डोकावर बी शे." ते गाडीवरून उतरले. आवाज खाली आला. "मन्ही सही हाले. बँकवाला म्हने, सेठ, ह्या दोन माणसंसन्या सह्या शेतस का? सकाळनी न्यारी, संध्याकाळनी न्यारी."

मी ब्रश खाली ठेवला. तालुक्यातला हा वजनदार माणूस भर रस्त्यात मला काय सांगतो आहे, हे कळायला मला वेळ लागला.

"गुरुवारे पाच वाजता ये. मन्हा दुकानना वरे. आम्ही चार जण बसतस."

"बोर्ड काय शे?"

"बोर्ड नही."

"मग सापडी कसं?"

"ज्याले गरज ऱ्हास त्याले सापडस," सेठ म्हणाले आणि गेले.

अशी वाक्यं मी शेकड्याने रंगवली आहेत, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास नाही. आणि झालंही तसंच. सेठचं दुकान सापडलं, पण वर जायचा जिना काही दिसेना. दुकानावर माणसांची गर्दी, विचारायची लाज. ज्या गावात पानटपरीलाही प्रोप्रायटरचं नाव असतं, तिथे मी बोर्ड नसलेली जागा शोधत तीन फेऱ्या मारल्या. शेवटी समोरच्या चहावाल्याकडे गेलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "वर कुठली मीटिंग..."

"दारू सोडाले उनात का?" आलात का, असं तो तिथूनच ओरडून विचारू लागला. बाकावरची चार माणसं वळली. "मांगला बाजूले जिना शे! संभाळीसन जा, तिसरी पायरी तुटेल शे!"

या गटाचा पहिला नियम नाव गुप्त ठेवण्याचा होता, हे मला वर गेल्यावर कळलं.

*

नावाचा नियम आमच्याकडे पाळायला सोपा आहे. खान्देशात माणसाचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत असतं. बाकी सगळे नाना, आबा, आप्पा, दादा. त्यामुळे त्या खोलीत सेठ होते, एक निवृत्त गुरुजी होते, गाद्या भरणारे चाचा होते, आणि मी पेंटर झालो. चौथे आबा होते. ते पुढे मुलाकडे सुरतेला गेले. बियाण्यांच्या पोत्यांच्या थप्प्या, पाच खुर्च्या आणि औषधी वासाचा काळा चहा.

मी आयुष्यभर सभांचे बोर्ड लिहिले आहेत. सभा म्हटलं की माईक, पाहुणे, शाल-श्रीफळ, मागे पडद्यावर माझीच अक्षरं. इथे यातलं काही नव्हतं. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभार नाहीत. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि सल्ला द्यायचा नाही. सल्ला न देणारी पाच माणसं एका खोलीत बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. गुरुजींना एवढं साधेपण झेपत नसे. ते उभे राहून "सन्माननीय व्यासपीठ" म्हणूनच सुरुवात करत.

"गुरुजी, व्यासपीठ नही शे," सेठ म्हणत. "पाच खुर्च्याच शेतस. बसा."

चाचांचं दुखणं वेगळं होतं. "हमारे में कोई पीता ही नहीं, ऐसा सबको मालूम है," ते म्हणाले. "तो मैंने छोड़ी, ये किसको बताऊँ? छोड़ने के लिए पहले पीनी पड़ती है ना."

सगळे हसले. दारूच्या गोष्टीवर शुद्धीत हसणारी माणसंही मी पहिल्यांदाच पाहिली.

माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मी पेंटर. हात हालतो." कुणी टाळी वाजवली नाही, कुणी पाठीवर थाप मारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेठ स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेले. एकदम सोडली तर जीवावर बेतू शकतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. गोळ्या झाल्या, आठवडाभर खाटेवर पडून झालं. पहिले दोन महिने हात पूर्वीपेक्षा जास्त हालला. मी काम बंद ठेवलं आणि दर गुरुवारी तिसरी पायरी टाळून वर गेलो. आठव्या महिन्यात एका पिठाच्या गिरणीच्या बोर्डावर रेघ एका दमात गेली. मी ब्रश धुतला आणि उरलेला दिवसभर काहीच केलं नाही. रेघ बघत बसलो.

*

त्यानंतर दोनेक महिन्यांनी दादा आला. सातपुड्यातला पावरा आदिवासी, शहादा ते धडगाव जीप चालवायचा. वय तिशीचं. बायको दोन पोरांना घेऊन माहेरी गेली होती. सासऱ्याने निरोप धाडला होता: होळीपर्यंत थेंब घेऊ नकोस, मग येऊन पोरं घेऊन जा. घेतलीस तर येऊ नकोस. आमच्या डोंगरात होळी म्हणजे वर्षाचा केंद्रबिंदू, आणि पाण्यासारखी मोहाची दारू वाहायचा दिवस. म्हणजे सासऱ्याने परीक्षा घ्यायला जागा बरोबर निवडली होती. दादा गुरुवारी संध्याकाळची धडगावची फेरी चुकवून येई, कोपऱ्यात बसे, दिवस मोजून सांगे आणि जाई. पंचवीस. बत्तीस. एकोणचाळीस.

आणि मी काय केलं? मला अकरा महिने पूर्ण होत आले होते. कृतज्ञता हा माणसाचा फार धोकादायक गुण आहे, विशेषतः हातात ब्रश असेल तर. मी विचार केला, या लोकांनी मला हात परत दिला, आपण त्यांना काय द्यावं? मला येतं ते एकच. चांगला जाड पत्रा आणला, पिवळी जमीन, लाल अक्षरं, काळी सावली. 'व्यसनमुक्ती सहाय्य गट. दर गुरुवारी सायंकाळी ५. सर्वांचे स्वागत.' खाली जिन्याकडे बाण. रेघ अशी की पट्टी लावून बघावी. सर्वांना चकित करायचं म्हणून बुधवारी दुपारी, सेठ नंदुरबारला गेलेले असताना, मी तो जिन्याजवळ रस्त्याकडे तोंड करून ठोकला. बाजाराला आलेल्या बायका थांबून वाचत होत्या. माझ्या एकाही बोर्डाला इतके वाचक कधी मिळाले नव्हते.

गुरुवारी पाच वाजता वर मी आणि गुरुजी. गुरुजी आले, कारण चष्मा घरी विसरले होते आणि बोर्ड त्यांना दिसलाच नव्हता. थोड्या वेळाने सेठ वर आले. खुर्चीत बसले. त्यांना राग येत नाही, हे त्यांचं सगळ्यात त्रासदायक लक्षण.

"बोर्ड झकास शे, पेंटर," ते म्हणाले. "सकाळपाईन गिऱ्हाइकं इचारी ऱ्हायनात, सेठ, वरे कोन कोन येस?"

मी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "चाचा?"

"समोर चहा पी ऱ्हायना. वर नही येवाव म्हने."

"दादा?"

"उना व्हता. जीप थांबाडी, वाचं, नि गया." सेठांनी माझ्यापुढे काळा चहा सरकवला. "जीप भरेल व्हती, पेंटर. माणसंसनी बी वाचं."

मी खाली धावलो. चहावाल्याकडे चाचा पेला हातात धरून बसले होते. मी म्हणालो, चाचा, अहो या चहावाल्यापासून सगळ्या लोणखेड्याला माहीत आहे की वर कोण बसतं.

"मालूम तो सबको है," चाचा शांतपणे म्हणाले. "लेकिन लिखा हुआ नहीं था ना."

तीस वर्षं अक्षरांवर जगलेल्या माणसाला हे गादी भरणाऱ्याने सांगावं लागलं. गावाला जे माहीत असतं ते गाव सोयीने विसरतं. लग्नं जमतात, माणसं एका पंगतीत बसतात. पण एकदा भिंतीवर आलं की ते खरं होतं, आणि मग प्रत्येकाला त्याबद्दल काहीतरी मत असावं लागतं. मी तिथल्या तिथे चहावाल्याची पक्कड घेऊन बोर्ड उतरवला. चाचा माझ्याबरोबर वर आले. दादा त्या गुरुवारी आला नाही, आणि पुढच्याही नाही.

*

दुसरा गुरुवार गेला तेव्हा मी शुक्रवारी सकाळी शहाद्याच्या जीप स्टँडवर गेलो. होळीला तीन आठवडे होते. दादा बोनेटला टेकून उभा होता. डोळे स्वच्छ होते, त्यामुळे मला धीर आला.

"पेंटरकाका, कुठे?"

"धडगाव."

"काय काम काढलं?"

"बोर्डाचं."

त्याने पुढचं दार उघडलं. मी पुढच्या सीटवर बसलो. माझ्या आणि दरवाजाच्या मध्ये एक तरुण जिल्हा परिषदेचा शिक्षक, मागे नऊ-दहा माणसं, टपावर दोन. गिअरच्या पुढच्या खणात पाण्याची लिटरची बाटली होती, भरलेली. झाकण घट्ट होतं, तरी मला वास आला. त्या बाबतीत माझं नाक पदवीधर आहे. मोहाची.

म्हसावद गेलं, रस्ता डोंगराला भिडला. माझी नजर त्या बाटलीवर आणि दादाची रस्त्यावर. सगळ्यांसमोर काय बोलणार? शेवटी मी म्हणालो, "तो बोर्ड काढला. त्याच संध्याकाळी."

"बघणाऱ्यांनी बघितला," दादा म्हणाला.

शिक्षक दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "कसला बोर्ड हो?"

मागची बडबड थांबली. जीपमध्ये असा प्रश्न सगळ्यांचा असतो. यांतल्या कुणी तो बोर्ड वाचला होता, कुणी नव्हता. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते निघालं.

"अक्षर सुधारण्याचा वर्ग आहे आमचा. लोणखेड्याला. दर गुरुवारी."

"अरे वा. मोठ्यांसाठी पण?"

"मोठ्यांसाठीच."

"दादा, तुम्ही जाता?" शिक्षकाने विचारलं.

दादाने वळण घेतलं, गिअर बदलला. "जात होतो. अक्षर खराब आहे माझं."

"मग सोडला का?"

"मास्तरने गावभर लिहून लावलं ना," दादा म्हणाला. "याचं अक्षर खराब आहे म्हणून."

"हे बरोबर नाही," शिक्षक माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला. "विद्यार्थ्याचा कमीपणा चारचौघांत काढू नये. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात."

"चुकलंच," मी म्हणालो. "दादा, माझं चुकलं."

बारा-तेरा माणसांसमोर मी माफी मागितली. माझ्यामागे बसलेल्या एका म्हातारीने शेजारणीला पावरीत काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. मला वाटतं त्यांनी बोर्ड वाचलेला होता, किंवा वाचणाऱ्याकडून ऐकलेला होता. पण त्या काही बोलल्या नाहीत. त्या मौनाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

माणसं एकेका फाट्यावर उतरत गेली. शिक्षक उतरताना वर्गाची वेळ पुन्हा विचारून गेला. मग आम्ही दोघंच. एका वळणावर दादाने जीप बाजूला घेतली, बाटली उचलली आणि खाली उतरला. मीही उतरलो.

"बहिणीच्या लग्नाची आहे. चार दिवस झाले, गाडीतच आहे," तो म्हणाला. "उघडली नाही अजून."

"किती झाले?"

"चोपन्न."

त्याने झाकण काढलं. अकरा महिन्यांनंतर तो वास दीड हातावर होता आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही; खोटं लिहायला वाटेल. त्याला अडवावं असं मनात आलं. पण सल्ला द्यायचा नाही हा नियम, आणि त्याहून खरं कारण म्हणजे, मी हात पुढे केला असता तर तो कशासाठी, याची मला खात्री नव्हती.

डोंगरात घोट घेण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडतात. पितरांचा मान तो. दादाने बाटली वाकवली. चार थेंब पडले. पितरांचं नाव घेऊन तो थांबला, आणि मग बाटली सरळ करण्याऐवजी आणखी वाकवली. धार लागली. मोहाची दारू तांबड्या मातीत बुडबुड आवाज करत जिरत गेली. बराच वेळ लागला. लिटर म्हणजे किती असतं हे मला तेव्हा कळलं.

रिकामी बाटली झटकत दादा म्हणाला, "आज म्हाताऱ्यांना चढणार."

मी दोन्ही हात खिशात घातले. थंडी असेल.

*

पुढच्या गुरुवारी चोपन्नचे साठ झाले. त्यावर कुणी भाषण केलं नाही. जीपमधली थाप मी सांगितली तेव्हा गुरुजी सोडून सगळे हसले. गुरुजींना ती कल्पना गांभीर्याने आवडली. चाचा म्हणाले, "ये लिखो. इसके नीचे से मैं दिन में दस बार जाऊँगा." सेठ म्हणाले की आता बोर्ड नसला तर लोक जास्तच विचारतील. तेव्हा त्याच पत्र्यावर मी पुन्हा पिवळी जमीन चढवली आणि लिहिलं: 'सुंदर हस्ताक्षर वर्ग. प्रौढांसाठी. दर गुरुवारी सायंकाळी ५.' चहावाला अजूनही नव्या माणसाला ओरडून सांगतो, पण आता ओरडतो ते "अक्षरना वर्गले उनात का?"

होळीच्या तिसऱ्या दिवशी दादा सासऱ्याकडे गेला. सासऱ्याने त्याला समोर बसवून तोंडाचा वास घेतला, शेजाऱ्यालाही घ्यायला लावला, आणि पोरांना जीपमध्ये बसवलं. बायको मात्र लगेच बसली नाही. तिने आधी वर्ग पाहायचा म्हटलं. ती जिना चढून आली, पोत्यांवर हात फिरवला, आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि एकही वही नाही हे पाहून दादाला म्हणाली, "येत जा इथे." त्याच जीपने ती घरी गेली; त्याला आता तीन वर्षं झाली.

बोर्ड वाचून आईबाप चौकशीला येऊ लागले, तेव्हा नाही म्हणता येईना. मंगळवारी मुलांचा वर्ग खरोखरच सुरू करावा लागला. मी आणि गुरुजी शिकवतो. गुरुजी व्यासपीठाला उद्देशून. मुलांची अक्षरं चांगली सुधारली आहेत. गेल्या महिन्यात मात्र एक पालक सेठकडे तक्रार घेऊन आले. त्यांचं म्हणणं, गुरुवारच्या मोठ्या माणसांच्या बॅचला इतकी वर्षं झाली, पण त्यांतल्या एकाचंही अक्षर सुधारलेलं नाही.